बदलाची वर्दी आणि डेस्कटॉपवरील उपयोजने : प्रस्तावना

संगणकाच्या पडद्यावर चालणारे कोणतेही उपयोजन, म्हणजे बोलीत ज्याला अ‍ॅप्लिकेशन किंवा नुसते सॉफ्टवेअर म्हणतात ते, स्वतःच्या बळावर उभे नसते. खिडकीचा रंग, अक्षरांचा आकार, पडद्याची लांबी-रुंदी, की-बोर्डची भाषा, तारीख, वेळ आणि विजेची स्थिती या साऱ्या गोष्टी ते ऑपरेटिंग सिस्टीमकडून, म्हणजे संगणकाचा सगळा कारभार पाहणाऱ्या मूळ प्रणालीकडून घेते, आणि यांतील प्रत्येक गोष्ट उपयोजन उघडे असतानाच बदलू शकते. असा बदल झाला की ऑपरेटिंग सिस्टीम चालू उपयोजनांना जो अंतर्गत संदेश पाठवते त्याला या ग्रंथात ‘बदल-सूचना’ म्हटले आहे. पडद्याच्या कोपऱ्यात वर येऊन लक्ष वेधणारी नोटिफिकेशन वेगळी. ती माणसाने वाचायची असते, तर बदल-सूचना प्रोग्रामने वाचायची असते, आणि प्रोग्रामने ती नीट वाचली तर समोर बसलेल्या माणसाला तिचा पत्ताही लागत नाही. या विषयाची आजवर झालेली उपेक्षा बहुधा याच अदृश्यतेमुळे झाली असावी.

परभणी जिल्ह्यासारख्या ठिकाणाहून पाहिले असता हा विषय अधिक निकडीचा वाटतो. परभणी, गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, मानवत, पालम, सेलू, जिंतूर आणि पूर्णा या नऊ तालुक्यांत आपले सरकार सेवा केंद्रे, आधार केंद्रे, टंकलेखन संस्था, पतसंस्था आणि मोंढ्यातील आडत दुकाने अशा जागी संगणक वापरला जातो तेव्हा तो सहसा एका माणसाचा नसतो. सकाळच्या ऑपरेटरला चष्म्यामुळे मोठी अक्षरे लागतात, दुपारी बसणारा ती लहान करतो. दाराकडे तोंड करून ठेवलेल्या पडद्यावर एप्रिल-मेचे ऊन आले की गडद रंगसंगती बदलून उजळ करावी लागते. मराठी अर्ज भरता भरता मध्येच इंग्रजी पत्ता टंकावा लागतो. यंत्र एकच, काम चालू, आणि भोवतालची मांडणी मात्र दिवसातून अनेकदा बदलणारी, अशी ही स्थिती आहे. बरीचशी सरकारी कामे ब्राउझरमध्ये गेली असली तरी बोटांचे ठसे घेणारी, पावती छापणारी किंवा जोडणी तुटल्यावरही हिशेब चालू ठेवणारी उपयोजने डेस्कटॉपवरच राहिली आहेत, आणि त्यांच्या रचनाकारांनी आपल्यासमोर कोणता संगणक गृहीत धरला होता हे पहिल्या बदलाच्या वेळीच उघड होते.

डॉसच्या काळात हा प्रश्न उद्भवत नव्हता. एका वेळी एकच प्रोग्राम चाले आणि सगळा पडदा त्याच्या ताब्यात असे. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकने पुढे आणलेले जिस्ट कार्ड संगणकात बसवले की डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटे, पण अक्षरे केवढी असावीत किंवा पार्श्वभूमी कोणती असावी याविषयी वापरणाऱ्याला फारसे विचारले जात नसे आणि प्रोग्रामलाही कोणाला विचारण्याची गरज नसे. खिडक्यांची पद्धत आली आणि पडद्याची मालकी प्रोग्रामच्या हातून गेली. अनेक उपयोजने एकाच पडद्यावर शेजारी शेजारी नांदू लागली, त्यांचे समान रूप ऑपरेटिंग सिस्टीम ठरवू लागली आणि ते रूप निवडण्याचा हक्क वापरणाऱ्याकडे आला. विंडोज एक्सपीने २००१ मध्ये बटणे आणि चौकटींचे संपूर्ण रूपच बदलता येणाऱ्या थीम आणल्या, विंडोज १० मध्ये २०१६ साली उपयोजनांसाठी गडद रूपाची निवड आली आणि मॅकवर २०१८ च्या मोहावी आवृत्तीत डार्क मोड आला. जुनी उपयोजने मात्र पडद्याची मालकी आपल्याकडेच असल्यासारखी वागत राहिली, आणि या ग्रंथात चर्चिलेल्या बहुतेक दोषांचे मूळ या जुन्या सवयीत आहे.

विंडोजवर बदल-सूचना कशी पोहोचते हे समजण्यासाठी गावातली दवंडी डोळ्यांसमोर आणावी. कोतवाल चावडीपासून निघून प्रत्येक घराच्या दारापुढे एकदा पुकारा करतो. घरात मागच्या खोलीत बसलेल्यांपर्यंत ती बातमी नेणे हे घरातल्या कर्त्या माणसाचे काम असते. सेटिंग बदलल्याचा संदेश, ज्याचे तांत्रिक नाव ‘डब्ल्यूएम सेटिंगचेंज’ असे आहे, तो तसाच सर्वांत वरच्या पातळीच्या खिडक्यांना मिळतो. त्या खिडकीच्या पोटातील याद्या, बटणे आणि तक्ते यांना तो आपोआप मिळत नाही; मुख्य खिडकीने तो पुढे पाठवावा लागतो. प्रणालीचे रंग बदलल्याचा संदेश अंतर्गत घटकांकडे पोहोचवण्याची जबाबदारीही मुख्य खिडकीचीच असल्याचे मायक्रोसॉफ्टच्या दस्तऐवजांत स्पष्ट सांगितलेले आहे. केवळ संदेश घेण्यासाठी निर्माण केलेली, पडद्यावर कधीच न दिसणारी खिडकी सोयीची वाटते खरी, पण अशा खिडकीला सर्वांसाठी केलेले पुकारे ऐकूच येत नाहीत, आणि नवशिक्या रचनाकाराचे दोन-तीन दिवस हे उमगण्यातच जातात.

या सूचनेची दुसरी खूण अशी की ती बहुतेकदा ‘काहीतरी बदलले’ एवढेच सांगते. नवी किंमत काय आहे हे तिच्यात क्वचितच पुरते लिहिलेले असते, आणि वापरणाऱ्याने एकच बदल केला तरी ती लागोपाठ अनेकदा येऊ शकते. म्हणून सूचना आल्याबरोबर तिच्यावर विसंबून अंदाज बांधण्यापेक्षा प्रणालीला पुन्हा विचारणे, मिळालेले उत्तर आधीच्या उत्तराशी ताडून पाहणे आणि खरोखरच फरक असेल तरच पडदा नव्याने रंगवणे हा मार्ग श्रेयस्कर ठरतो. उपयोजन सुरू होताना एकदाच रंग, फॉन्ट आणि मापे विचारून ती कायमची जपून ठेवणे हे या शास्त्रातील मूळ पाप आहे, असे या ग्रंथाचे प्रतिपादन आहे. सूचना ऐकण्याचे तंत्र त्यानंतरचे. आधी कोणती माहिती स्वतःची आणि कोणती उसनी, हे उपयोजनाला कळले पाहिजे.

मॅकच्या रचनेत हा विचार मुळातच अधिक खोलवर उतरलेला दिसतो. तेथे ‘काळा’ किंवा ‘पांढरा’ असा रंग मागण्याऐवजी ‘मजकुराचा रंग’, ‘खिडकीच्या पार्श्वभूमीचा रंग’ अशा कार्यवाचक नावाने मागता येतो आणि त्याचा अर्थ प्रत्यक्ष रंगवण्याच्या क्षणी लागतो, त्यामुळे रूप बदलल्यावर अशा रंगांसाठी निराळी धावपळ करावी लागत नाही. जेथे रचनाकाराने रंगाची किंमत काढून घेऊन चित्राच्या थरात गोठवून ठेवली असेल तेथेच काम अडते. लिनक्सवर निरनिराळी डेस्कटॉप वातावरणे असल्याने मधे एक पोर्टल उभारण्यात आले आहे, ज्याच्याकडे उपयोजन वापरणाऱ्याची पसंती विचारते आणि बदल कळावा म्हणून नाव नोंदवते. त्या पोर्टलच्या उत्तरांत शून्य म्हणजे पसंती नाही, एक म्हणजे गडद आणि दोन म्हणजे उजळ असे तीन पर्याय आहेत. वापरणाऱ्याला काहीच पसंती नसण्याचा हक्क तेथे मान्य झालेला आहे, ही बाब क्षुल्लक वाटली तरी दाद देण्याजोगी आहे.

विंडोजवर मात्र एक गफलत हमखास होते, आणि तिच्याकडे ग्रंथात विस्ताराने लक्ष वेधले आहे. तेथे गडद रूप निवडले तरी प्रणाली-रंगांची जुनी यादी तशीच उजळ राहते. ती बदलते ते मुख्यतः उच्च-भेद रूप, म्हणजे अंधुक दिसणाऱ्यांसाठी मजकूर आणि पार्श्वभूमी यांत तीव्र फरक करणारे रूप, निवडल्यावर. या दोन स्वतंत्र व्यवस्था आहेत हे लक्षात न घेणारा रचनाकार एकीची चाचणी करून दुसरीविषयी निश्चिंत होतो. त्यातूनच अशी खिडकी जन्माला येते जिची पार्श्वभूमी प्रोग्रामने हट्टाने पांढरी ठेवलेली असते आणि अक्षरे प्रणालीकडून घेतलेली असतात. उच्च-भेद रूपात अक्षरे पांढरी होताच पांढऱ्यावर पांढरे उमटते आणि अर्जाचा रकाना रिकामा असल्याचा भास होतो. यावरचा नियम सोपा आहे: मजकुराचा आणि पार्श्वभूमीचा रंग नेहमी एकाच जोडीतून घ्यावा, अर्धा स्वतःचा आणि अर्धा उसना घेऊ नये. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाची सुगम्यता हा हक्काचा विषय केला आहे, त्यामुळे सार्वजनिक कचेरीत वापरल्या जाणाऱ्या उपयोजनाच्या बाबतीत याला सौंदर्याचा प्रश्न म्हणून बाजूला सारणे उचित नाही.

रंगापेक्षाही अक्षरांच्या आकाराचा प्रश्न मराठीपुरता अधिक गुंतागुंतीचा आहे, आणि इंग्रजीतील मार्गदर्शक ग्रंथांत त्याची चर्चा अभावानेच आढळते. एखाद्या उपयोजनात तालुका निवडण्याची यादी आहे आणि तिच्या प्रत्येक ओळीची उंची रोमन अक्षरांवरून ठरवलेली आहे असे समजावे. रोमन अक्षरांचा वरखाली होणारा पसारा मर्यादित असतो. देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा, रफार, वेलांटीचे वळण आणि अनुस्वार, तर खाली उकार, ऋकार आणि जोडाक्षरांचे पाय असतात. अक्षरांचा आकार सव्वापट होताच जर ओळीची उंची जुनीच राहिली, तर ‘पूर्णा’ या नावावरचा रफार छाटला जाऊन ‘पूणा’ असे काहीतरी दिसते, ‘जिंतूर’वरचा अनुस्वार जातो, आणि ‘सेलू’ची वरची मात्रा शिल्लक राहिली तरी खालचा ऊकार कापला जातो. ‘पालम’ आणि ‘मानवत’ तेवढी सुखरूप राहतात, आणि चाचणी करणाऱ्याने नेमकी हीच दोन नावे पाहिली असतील तर दोष त्याच्या नजरेतून निसटतो.

यामागचे कारण थोडे आणखी खोलात आहे. विंडोजचा नेहमीचा फॉन्ट सेगो यूआय याच्यात देवनागरी अक्षरे नाहीत, त्यामुळे मराठी मजकूर आला की प्रणाली पर्यायी फॉन्ट शोधते. विंडोज २००० पासून उपलब्ध असलेला मंगल किंवा विंडोज ८ सोबत आलेला निर्मला यूआय हा तो पर्याय असतो. उपयोजन जर उंची सेगो यूआयला विचारून ठरवत असेल आणि अक्षरे प्रत्यक्षात निर्मला यूआयची उमटत असतील, तर प्रश्न एकाला आणि उत्तर दुसऱ्याचे अशी अवस्था होते. मजकुराचा आकार विंडोजच्या सुगम्यता सेटिंगमधून २२५ टक्क्यांपर्यंत वाढवता येतो, आणि अशा वाढीची सूचना आल्यावर फक्त फॉन्ट बदलून भागत नाही. प्रत्यक्ष मराठी मजकूर मोजून ओळींची उंची, रकान्यांची रुंदी आणि खिडकीचा लहानात लहान आकार असे सारे पुन्हा बेतावे लागते. यादीतील सर्वांत लांब आणि सर्वांत उंच नाव घेऊन मोजणी करण्याची जी रीत तिसऱ्या प्रकरणात दिली आहे, तिचे हे प्रयोजन आहे.

पडद्यांची संख्या बदलणे हा याच कुळातील बदल होय. आधार क्रमांक देशात पहिल्यांदा दिला गेला तो २९ सप्टेंबर २०१० रोजी महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे, आणि तेव्हापासून आधार केंद्राच्या संचात संगणकाबरोबर ठसे आणि बुबुळे टिपणारी यंत्रे, कॅमेरा, प्रिंटर आणि रहिवाशाला स्वतःची माहिती वाचून तपासता यावी म्हणून दुसरा पडदा असतो. दोन पडद्यांची ही व्यवस्था डेस्कटॉप उपयोजनाच्या कसोटीचे उत्तम उदाहरण आहे. लॅपटॉपचा पडदा १२५ किंवा १५० टक्के मोठा केलेला आणि जोडलेला मॉनिटर १०० टक्क्यांवर, अशी जोडी असली की एकीकडून दुसरीकडे सरकवलेल्या खिडकीला घनता बदलल्याची सूचना मिळते आणि त्या सूचनेसोबत विंडोज नव्या आकाराची शिफारसही देते. ही शिफारस जशीच्या तशी स्वीकारणे हिताचे असते, कारण उपयोजनाने स्वतःचाच आकार लादला तर खिडकी दोन पडद्यांच्या सीमेवर पुन्हा पुन्हा मापे बदलत राहण्याचा धोका असतो. जे उपयोजन घनतेविषयी आपल्याला काही कळते असे जाहीरच करत नाही, त्याचे चित्र विंडोज ताणून मोठे करते आणि जोडाक्षरांचे बारीक सांधे पुसट होतात. केबल सैल होऊन दुसरा पडदा नाहीसा झाला, तर त्यावरची खिडकी मागे आणणे आणि पुढच्या वेळी जपून ठेवलेली जागा अस्तित्वात आहे की नाही हे आधी पडताळणे हेही उपयोजनाचेच काम. अन्यथा खिडकी उघडते, पण कोणालाच दिसत नाही.

वीज, वेळ आणि जोडलेली उपकरणे यांविषयीच्या सूचना दिसण्याशी संबंधित नसल्या तरी त्यांना वेगळे काढता येत नाही. लॅपटॉप झोपी जाण्यापूर्वी विंडोज उपयोजनाला कळवते, परंतु आवराआवरीसाठी साधारण दोन सेकंदच देते, आणि विस्टापासून पुढे ही झोप नाकारण्याची मुभाही उपयोजनाला उरलेली नाही. मराठवाड्यात भारनियमनाच्या वर्षांनी घरोघरी आणि दुकानोदुकानी इन्व्हर्टर पोहोचवले, पण डेटा केबल नसलेला साधा यूपीएस किंवा इन्व्हर्टर संगणकाला काहीच सांगत नाही. डेस्कटॉपच्या दृष्टीने वीज असतेच, आणि बॅटरी संपली की एकदम नसते. सूचनेवर विसंबण्याची मर्यादा येथे दिसते. जी सूचना येणारच नाही तिची वाट पाहणाऱ्या उपयोजनाने भरलेला अर्ज गमावण्यापेक्षा, रकाना सोडताच मजकूर जपून ठेवावा हे बरे. वेळेची गोष्ट याच्या उलट आहे. मदरबोर्डवरील बॅटरी संपलेल्या संगणकाची तारीख सुरू होताना मागे पडते आणि इंटरनेट मिळाल्यावर अचानक जाग्यावर येते. वेळ बदलल्याची सूचना त्या वेळी येते, आणि पावतीवर तारीख उमटवणाऱ्या उपयोजनाने तिच्याकडे दुर्लक्ष केले तर एकाच दिवसाच्या पावत्या दोन वेगवेगळ्या वर्षांच्या निघू शकतात.

की-बोर्डच्या भाषेची सूचना ही मराठी वापरणाऱ्याच्या रोजच्या कामाची. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या संगणक टंकलेखन परीक्षांची तयारी करणारे विद्यार्थी एकाच यंत्रावर मराठी आणि इंग्रजी दोन्ही टंकतात, आणि कोणी इनस्क्रिप्ट तर कोणी रेमिंग्टन मांडणी वापरतो. भाषा बदलल्याचे कळल्यावर उपयोजनाने कर्सरच्या जागेचा फॉन्ट आणि शुद्धलेखन तपासणीची भाषा बदलावी, मात्र आधीच टंकलेल्या मजकुराला हात लावू नये, एवढी मर्यादा पाळली तरी पुरे.

हीच मर्यादा रूपबदलालाही लागू पडते. प्रणाली गडद झाली म्हणून प्रत्येक गोष्ट गडद करणे हा आज्ञाधारकपणाचा अतिरेक होय. खिडकीची चौकट, मेनू आणि बटणे ही वापरणाऱ्याच्या पसंतीची. दस्तऐवज मात्र दस्तऐवजाचाच. उत्पन्नाच्या दाखल्याचे छपाईपूर्व चित्र पांढऱ्या कागदावरच दिसावे, कारण प्रिंटरमध्ये कागद पांढराच आहे. परभणीतील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात, जे १८ मे १९७२ रोजी स्थापन झाले, दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघणाऱ्या कृषी हवामान सल्ल्यासारख्या कामात आलेख वापरले, तर पावसाच्या रेषेचा निळा आणि तापमानाच्या रेषेचा तांबडा हे रंग अर्थवाही ठरतात. पार्श्वभूमी गडद झाल्यावर त्यांची छटा उजळवता येईल, पण त्यांची अदलाबदल होता कामा नये. काय बदलायचे याइतकेच काय बदलायचे नाही हे ठरवणे कठीण असते, आणि या बाबतीत ग्रंथातील काही निष्कर्षांशी मतभेद संभवतात.

सूचना ऐकण्याची किंमतही असते. प्रत्येक रूपबदलाला नवे रंगकुंचले निर्माण करणारे आणि जुने न सोडणारे विंडोज उपयोजन हळूहळू आपली मर्यादा भरत आणते. एका प्रक्रियेला अशी साधारण १० हजार चित्रसाधने मिळतात, आणि ती संपली की बटणे रंगणे थांबते, मजकूर नाहीसा होतो, पण दोष सापडत नाही. डॉटनेटमध्ये वापरणाऱ्याची पसंती बदलल्याची घटना ऐकण्यासाठी नाव नोंदवले आणि खिडकी बंद करताना ते काढले नाही, तर बंद झालेली खिडकीसुद्धा स्मृतीत अडकून राहते. सेवा केंद्रातील संगणक सकाळपासून संध्याकाळपर्यंत बंद न करता चालतो, त्यामुळे विकासकाच्या यंत्रावर पाच मिनिटांत न दिसणारा हा दोष तेथे दुपारनंतर हमखास दिसतो.

ग्रंथात मोबाइल फोनवरील उपयोजनांचा विचार केलेला नाही, कारण तेथे प्रणाली बदलाच्या वेळी उपयोजनाचा पडदाच बहुधा नव्याने उभा करते आणि प्रश्नाचे स्वरूप पालटते. उदाहरणे विंडोजवर अधिक आहेत. मॅक आणि लिनक्स यांना प्रत्येकी एक स्वतंत्र प्रकरण दिलेले आहे. प्रोग्रामिंगची प्राथमिक ओळख असलेल्या वाचकाने पहिली दोन प्रकरणे क्रमाने वाचावीत. ज्याला एखाद्या तयार उपयोजनातील दोष शोधायचा आहे त्याने शेवटचे चाचणीविषयक प्रकरण आधी उघडले तरी चालेल. त्यातील कृती साध्या आहेत: उपयोजन चालू ठेवून, अर्ज अर्धा भरलेला असताना, रूप गडद करावे, मग उच्च-भेद करावे, मजकूर दीडपट करावा, की-बोर्ड मराठी करावा, दुसरा पडदा काढून पुन्हा जोडावा, आणि शेवटी तालुक्यांची यादी उघडून पूर्णा, जिंतूर आणि सेलू ही नावे वाचून पाहावीत.